पट्टा, नळी आणि पारख



डिसेंबर २०२२ मधली ती संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. गोव्यातील एक विज्ञान प्रदर्शन पाहून शाळेची गाडी चोर्ले घाटाने बेळगावला परत येत होती. गाडीत सात विद्यार्थी आणि आम्ही दोघे शिक्षक होतो. केरी मागे पडली, चढ सुरू झाला आणि पाच-सात वळणांनंतर बॉनेटखालून ‘फट्’ असा आवाज आला. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग एकदम जड झाले आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. चालकमामांनी क्षणाचाही विलंब न करता गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

इंजिनाचा पट्टा तुटला होता. मोबाइलला रेंज नव्हती. अंधार पडत होता. शेवटी गोव्याला भाजी उतरवून परत निघालेला बेळगावचा एक टेम्पो थांबला. त्याच्या चालकाने पुढे कणकुंबीला जाऊन शाळेत फोन केला. मुले घरी पोहोचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्या चार तासांत शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या पालकांची जी अवस्था झाली, तिची भरपाई कोणत्याही खुलाशाने होणार नाही.

दोष कोणाचा, हे आधीच सांगून टाकतो. दोष आमचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुना पट्टा किंचाळू लागला म्हणून आम्हीच नवा आणवला होता. चांगल्या पट्ट्याला साडेआठशे रुपये पडत होते, दुसरा तीनशेला मिळत होता. दोन्ही काळे, दोन्ही एकसारखे दिसणारे. आम्ही तीनशेचा घेतला आणि शाळेचे साडेपाचशे रुपये वाचवल्याचे समाधान मानले. पावती घेतली नाही. चार महिन्यांनी गाडी ओढून आणायला चार हजार आणि मुलांना आणायला दुसऱ्या गाडीचे अडीच हजार रुपये द्यावे लागले.

या अनुभवानंतर आम्ही विज्ञान मंडळाच्या तासाला तो तुटलेला पट्टाच अभ्यासाला घेतला. उद्यमबागेत काम करणाऱ्या काही पालकांनी आणि गॅरेज चालवणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मदत केली. त्या अभ्यासाचे सार या लेखात देत आहोत. आज अनेक घरांत एखादी तरी गाडी आहे, म्हणून हा पाठ जितका विद्यार्थ्यांसाठी तितकाच पालकांसाठी आहे.

पट्टा काय काम करतो?

पिठाच्या गिरणीत तुम्ही पट्टा पाहिला असेल. मोटरची चकती फिरते, पट्टा ती गती जात्यापर्यंत नेतो. गाडीतही हेच घडते. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, एक पुली असते. तिच्यावरून निघालेला पट्टा अल्टरनेटर फिरवतो आणि बॅटरी भरली जाते. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसरही फिरवतो. म्हणूनच त्या संध्याकाळी लाल दिवा, जड स्टिअरिंग आणि वाढते तापमान ही तीन लक्षणे एकाच वेळी दिसली. ही तिन्ही एकत्र दिसली की गाडी पुढे रेटायची नसते. वॉटर पंप थांबलेला असताना इंजिन चालू ठेवले, तर काही मिनिटांत सिलिंडर हेड वाकू शकते आणि मग खर्चाचा आकडा हजारांत राहत नाही. चालकमामांनी लगेच इंजिन बंद केले म्हणून आपले इंजिन वाचले.

आता थोडे गणित करू. समजा क्रँकच्या पुलीचा व्यास १४ सेंटिमीटर आहे. तिचा परीघ २२/७ गुणिले १४, म्हणजे ४४ सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर पट्टा मिनिटाला ८८० मीटर धावतो. हा वेग ताशी सुमारे ५३ किलोमीटर झाला. पट्ट्याची लांबी १.७५ मीटर धरली, तर तो मिनिटाला सुमारे ५०० आणि तासाला सुमारे ३०,००० प्रदक्षिणा घालतो. वाटेत पाच पुल्या असतील, तर तासाभरात तो दीड लाख वेळा वाकतो. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरने ६०,००० किलोमीटर चालली, तर हे १,५०० तास झाले आणि प्रदक्षिणा झाल्या साडेचार कोटी. इंजिनाच्या उष्णतेत, धुळीत आणि आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हे काम करणाऱ्या वस्तूची निवड आम्ही केवळ रंग आणि किंमत पाहून केली होती.

रबराची थोडी कुळकथा

नुसते नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक बनते. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह रबर तापवले की ते टिकाऊ होते, हे आढळले. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. १९१७ मध्ये व्ही आकाराचा रबरी पट्टा आला. त्याचे श्रेय अमेरिकेतील जॉन गेट्स यांना दिले जाते. व्ही आकाराची युक्ती सोपी आहे. ताण वाढला की पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून बसतो आणि त्याची पकड वाढते. आजच्या बहुतेक गाड्यांत सपाट पाठीचा आणि आतल्या बाजूला बारीक उभ्या धारा असलेला पट्टा असतो. तो पातळ असल्याने लहान पुल्यांवरून सहज वळतो आणि पाठीच्या बाजूनेही पुली फिरवू शकतो.

पूर्वी हे पट्टे निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचे असत. अलीकडच्या गाड्यांत ईपीडीएम हे कृत्रिम रबर वापरतात, कारण ते उष्णता आणि हवेतील ओझोन अधिक काळ सोसते. पट्ट्यातील रबर पकड देते, परंतु ओढ सोसतात ते त्याच्या पोटातले पॉलिस्टरसारख्या धाग्यांचे दोर. आम्ही प्रयोगशाळेत आमचा तुटका पट्टा आणि एक चांगला पट्टा आडवा कापून भिंगाखाली ठेवला. चांगल्या पट्ट्यात दोर एका ओळीत, समान अंतरावर, ओळीने मांडलेल्या मण्यांसारखे दिसत होते. आमच्या पट्ट्यात ते कमी होते, वरखाली गेलेले होते आणि कडेचा एक दोर तर रबराबाहेर डोकावत होता. बाहेरून मात्र दोन्ही पट्टे जुळे भाऊ शोभले असते.

पुलीची साक्ष

एवढ्यावर आम्ही निकाल देणार होतो. पण आमच्या माजी विद्यार्थ्याने, म्हणजे आता मेस्त्री झालेल्या मुलाने, पट्ट्याच्या मार्गातील एक छोटी पुली काढून आमच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “सर, बेल्ट तुटला हे खरं, पण त्याला मारलं कुणी ते बघा की.” आम्ही ती बोटाने फिरवली. बेअरिंग खरखरत होते आणि पुली किंचित डुलत होती. तिच्यामुळे पट्टा तिरका धावत होता आणि त्याची कड रोज थोडी थोडी कातरली जात होती. ऑगस्टमध्ये जुना पट्टा किंचाळत होता तोही बहुधा याच पुलीमुळे. आम्ही आवाज बंद केला, कारण शोधले नाही.

म्हणून पहिला धडा असा : नवा पट्टा घालण्याआधी तो ज्या पुल्यांवरून धावणार आहे त्या प्रत्येक पुलीला हाताने फिरवून पाहावे. आवाज, अडखळ किंवा डुलणे जाणवले तर ती पुलीही बदलावी. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग सैल झाली असेल, तर उत्तम पट्टाही घसरतो. एखाद्या सीलमधून तेल गळून पट्ट्यावर पडत असेल, तर आधी ती गळती थांबवावी. अनुभवी मेस्त्री आवाजाचे कारण ओळखण्यासाठी चालत्या पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडतात. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत आणि आवाज वाढला तर पट्टा घसरतो आहे, असा त्यांचा ठोकताळा असतो. ही चाचणी मेस्त्रीनेच करावी. चालू इंजिनाजवळ विद्यार्थ्यांनी हात, ओढणी किंवा बाही अजिबात नेऊ नये. किंचाळणाऱ्या पट्ट्यावर मारायचा फवारा दुकानात मिळतो. त्याने आवाज काही दिवस दबतो, पण दुखणे तसेच राहते.

पट्टा बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

निओप्रीनच्या पट्ट्याला वय झाले की आडव्या भेगा पडतात. एका धारेवर साधारण तीन इंचांत तीन किंवा अधिक भेगा दिसल्या की तो बदलावा, असा गॅरेजमधला जुना नियम आहे. ईपीडीएमच्या पट्ट्याला मात्र हा नियम पुरत नाही. तो भेगा न पडता चपलेच्या तळव्यासारखा झिजतो. धारांमधल्या खाचा रुंद होत जातात, पट्टा पुलीत खोल बसतो आणि घसरू लागतो. त्यामुळे “एकही भेग नाही, म्हणजे पट्टा नवाच आहे” असे म्हणणे चुकीचे आहे. खाचांची खोली मोजण्याचे छोटे माप चांगल्या गॅरेजमध्ये असते. त्याने तपासून घ्यावे. त्याखेरीज चकाकणारी पाठ, उसवलेली कड, तुटलेला धारेचा तुकडा किंवा तेलाने फुगलेले रबर यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये.

योग्य पट्टा कसा निवडावा?

पट्ट्याच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक छापलेला असतो. आपल्या गाडीच्या पट्ट्यावर ‘६ पीके १७५०’ असे होते. ६ म्हणजे सहा धारा. पीके हा धारांचा प्रकार असून त्यात दोन शेजारच्या धारांमधील अंतर ३.५६ मिलिमीटर असते. १७५० ही मिलिमीटरमधील लांबी. सहाला ३.५६ ने गुणले की पट्ट्याची रुंदी सुमारे २१ मिलिमीटर येते. तुम्ही पट्टीने मोजून खात्री करू शकता. जुन्या गाड्यांच्या व्ही पट्ट्यावर ‘एव्हीएक्स १३ बाय १०००’ अशासारखा क्रमांक असतो. त्यातील १३ म्हणजे वरच्या बाजूची रुंदी आणि १००० म्हणजे लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

“पाच-दहा मिलिमीटरने काय बिघडते? बसतो आहे ना!” असे काउंटरवर ऐकायला मिळते. बिघडते. टेन्शनरची हालचाल ठराविक मर्यादेतच होते. पट्टा लांब असेल तर तो पुरेसा ताणला जात नाही. आखूड असेल तर अल्टरनेटर आणि वॉटर पंप यांच्या बेअरिंगवर जादा ओढ येते. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो आणि स्वतः ताणला जाणारा खास पट्टा वापरतात. तिथे त्याच जातीचा पट्टा हवा. तो बसवायला वेगळे अवजार लागते आणि एकदा काढला की पुन्हा वापरत नाहीत.

खरेदीला जाताना चार गोष्टी सोबत न्याव्यात : गाडीचे मॉडेल व वर्ष, इंजिनाचा प्रकार, गाडीच्या पुस्तिकेतील किंवा कंपनीच्या यादीतील भागाचा क्रमांक आणि शक्य असेल तर जुना पट्टा. फक्त जुन्या पट्ट्यावर विसंबू नये. आधीच्या माणसाने चुकीचा घातला असेल, तर आपण तीच चूक पुढे चालवू.

बाजारात साधारण तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डबीतला. दुसरा, पट्टे बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या डबीतला. पुष्कळदा गाडीच्या कंपनीलाही असाच कारखाना माल पुरवतो, त्यामुळे दर्जा तोच आणि किंमत कमी असू शकते. तिसरा, नाव-गाव नसलेला किंवा नामांकित नावातले एखादे अक्षर बदलून विकला जाणारा. पहिल्या दोहोंपैकी कोणताही निवडण्यास हरकत नाही. आम्ही कोणत्याही एका कंपनीची शिफारस करत नाही. तिसऱ्यापासून मात्र दूर राहावे. आमच्या पट्ट्याची डबी नंतर नीट पाहिली, तेव्हा तिच्यावरील प्रसिद्ध नावात एक अक्षर वेगळे असल्याचे ध्यानात आले. खरेदी करताना ते वाचण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते.

टायमिंग बेल्ट : न दिसणारा पट्टा

काही इंजिनांत आणखी एक दातेरी पट्टा असतो. तो झाकणाआड असल्याने बाहेरून दिसत नाही. दातेरी पट्ट्याचा जन्म १९४० च्या दशकात शिवणयंत्रासाठी झाला. सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून त्याला दाते दिले होते. मोटारीच्या इंजिनात तो आणणाऱ्या पहिल्या उत्पादकांमध्ये जर्मनीची ग्लास कंपनी होती. १९६२ मध्ये तिच्या गाडीत असा पट्टा आला. इंजिनात हा पट्टा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावे लागते.

हा पट्टा आवाज करून सूचना देईलच असे नाही. म्हणून तो किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पुरे होईल त्यानुसार बदलायचा असतो. आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो आणि तो गाडीच्या पुस्तिकेतच पाहावा. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हेही तिथेच कळेल. पट्टा बदलताना टेन्शनर, पुली आणि त्याच पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप एकत्र बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोहोचण्यातच जातो. जुनी गाडी विकत घेतली आणि आधीची नोंद मिळाली नाही, तर पट्टा बदलायचा आहे असेच धरून चालावे.

आता नळ्यांकडे वळू

पट्टा बदलताना मेस्त्रीने रेडिएटरची वरची नळी दाबून दाखवली. वरून ती ठणठणीत होती. क्लिपजवळ मात्र बोटांना मऊ आणि पोकळ लागत होती. पट्टा टिकला असता, तर कदाचित पुढच्या घाटात ही नळी फुटली असती.

नळीवर भार किती असतो? बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी १०० नव्हे, तर साधारण ९७ ते ९८ अंश सेल्सिअसला उकळते. इंजिनातले पाणी याहून अधिक तापू शकते. ते उकळू नये म्हणून रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. प्रेशर कुकरचेच तत्त्व. झाकणाची मर्यादा ०.९ बार असेल, तर आपल्या उंचीवर नुसते पाणीही सुमारे ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळले की ही मर्यादा आणखी वाढते. पण हा दाब नळीच्या भिंतीलाही सोसावा लागतो. नळीचा आतला व्यास ३.२ सेंटिमीटर आणि दाब १ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो, असा धरू. मग नळीच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीला तिच्या दोन अर्धवर्तुळांना अलग करू पाहणारा जोर सुमारे ३.२ किलो येतो. तो सोसायला नळीच्या रबरात विणलेल्या धाग्यांचे अस्तर असते. स्वस्त नळीत नेमके हेच अस्तर विरळ असते. चांगल्या नळीचे कापलेले तोंड पाहिले तर आतले रबर, धाग्यांचे वेटोळे आणि बाहेरचे रबर असे तीन थर स्पष्ट दिसतात.

नळी आतून का खराब होते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. इंजिनाचे धातूचे तोंड, कूलंट आणि कार्बनयुक्त काळे रबर मिळून एक क्षीण विद्युत घट तयार होतो. त्या क्रियेने नळीच्या आतल्या बाजूस, विशेषतः टोकांपासून एक-दोन इंचांत, बारीक उभ्या चिरा पडतात. कूलंट त्यांतून धाग्यांपर्यंत जाते, धागे कमजोर होतात आणि एक दिवस नळी फुटते. म्हणून नळी तपासायची ती मधोमध मुठीत दाबून नव्हे, तर क्लिपजवळ अंगठा आणि बोटांनी चेपून. मग मधल्या भागाशी तुलना करावी. टोक जास्त मऊ लागले, आत फट किंवा खाच जाणवली, तर ती बदलावी. तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळता फवारा तोंडावर येतो आणि गंभीर भाजते.

नळी निवडताना

१. आकार जुळवा. रेडिएटरच्या बहुतेक नळ्या ठराविक वळणांत ओतलेल्या असतात. सरळ नळी जबरदस्तीने वाकवली की ती आतून चिमटली जाते आणि प्रवाह घटतो. कुठेही वाकणारी सुरकुत्यांची नळी वाटेतल्या अडचणीपुरती ठीक, कायमची नव्हे.

२. काम पाहून रबर घ्या. कूलंटसाठी ईपीडीएम चांगले, पण पेट्रोल, डिझेल किंवा तेल लागले की तेच रबर फुगते. म्हणून कूलंटची नळी इंधनाला कधीही लावू नये. इंधनाच्या जुन्या गळक्या नळीजागी घरातला एखादा रबरी तुकडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. नळीवर छापलेले मानक वाचावे. ‘एसएई जे २०’ हे कूलंटच्या नळ्यांचे, तर ‘एसएई जे ३०’ हे इंधनाच्या नळ्यांचे मानक आहे. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात दाब जास्त असल्याने ‘जे ३० आर ९’ सारखी वरच्या श्रेणीची नळी लागते.

३. पेट्रोल बदलले आहे, हे विसरू नका. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल येऊ लागले. जुन्या प्रकारची काही रबरे इथेनॉलने लवकर कडक होतात किंवा फुगतात. जुन्या गाडीची इंधननळी बदलताना ती अशा पेट्रोलला चालते का, हे विचारूनच घ्यावी.

४. खालच्या नळीत स्प्रिंग आहे का पाहा. रेडिएटरची खालची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला असते. ती आत चेपू नये म्हणून काही गाड्यांत तिच्या आत तारेची स्प्रिंग असते. जुन्या नळीत ती असेल तर नव्या नळीतही हवी.

५. क्लिपही नवी घ्या. गंजलेल्या क्लिपने नवी नळी कापली जाते. मूळ क्लिप स्प्रिंगची असेल तर तशीच घ्यावी. ती उष्णतेने नळी फुगली-आकसली तरी सारखा दाब ठेवते. स्क्रूची क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळू नये. नळी चढवताना ग्रीस किंवा तेल लावू नये. थोडे पाणी किंवा कूलंट पुरते.

६. वर आणि खाल अशा दोन्ही नळ्या जोडीने बदला. दोघींचे वय एकच असते. त्याच वेळी ठरलेल्या प्रमाणात नवे कूलंट भरा. नुसते नळाचे पाणी भरल्याने गंज चढतो.

दुकानात काय पाहावे?

डबीवर उत्पादकाचे नाव आणि पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांप्रमाणे तो ग्राहकाचा हक्क आहे. रबर दुकानातही म्हातारे होते. म्हणून शक्यतो दोन-तीन वर्षांच्या आतला माल घ्यावा. काचेच्या कपाटात उन्हात टांगलेला किंवा खिळ्यावर घडी मारून लटकवलेला पट्टा घेऊ नये. छपाई पुसट, अक्षरे वाकडी, धारा असमान किंवा नळीचे तोंड ओबडधोबड कापलेले असेल तर सरळ नको म्हणावे. आणि काहीही झाले तरी जीएसटीची पावती घ्यावी. पावती नसेल तर आपल्याला फसवले गेले हे सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही. आमचे नेमके तेच झाले. पावती असेल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

शाळेने काय केले?

जानेवारी २०२३ पासून शाळेच्या गाडीची एक वही कार्यालयात ठेवली आहे. पट्टा, नळ्या, कूलंट आणि पुल्या कधी बदलल्या, किती किलोमीटरला, कोणत्या क्रमांकाच्या आणि कोणत्या पावतीने, हे तीत लिहिले जाते. घाटातल्या प्रत्येक सहलीआधी चालकमामा आणि मेस्त्री दोघे मिळून तपासणी करतात आणि वहीवर सही करतात. विश्वस्त मंडळाने एक गोष्ट आवर्जून मान्य केली : मुले बसतात त्या गाडीचे सुटे भाग सर्वांत कमी दरपत्रकावर घ्यायचे नाहीत. आधी क्रमांक आणि दर्जा जुळवायचा, मग दर पाहायचा. काटकसर आपल्या शाळेच्या रक्तात आहे आणि ती असावीच. पण काय वाचवतो आहोत, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

तुटलेला पट्टा आणि ती खरखरणारी पुली प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी विज्ञान मंडळाच्या तासाला यावे.

स्वाध्याय

१. एका पट्ट्यावर ‘५ पीके ११००’ असे लिहिले आहे. त्याची रुंदी आणि लांबी सांगा.

२. पुलीचा व्यास २१ सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १,००० असतील, तर पट्ट्याचा वेग ताशी किती किलोमीटर?

३. बॅटरीचा दिवा, जड स्टिअरिंग आणि वाढते तापमान एकत्र दिसले तर काय कराल? का?

४. ईपीडीएमच्या नळीतून पेट्रोल का नेऊ नये?

५. घरच्या गाडीचे इंजिन थंड आणि बंद असताना पालकांच्या उपस्थितीत पट्ट्यावरील क्रमांक टॉर्चच्या उजेडात वाचून लिहून आणा. शेवटचा पट्टा कधी बदलला, हे पालकांना विचारा. उत्तर “आठवत नाही” असे आले, तर त्याच रविवारी गाडी मेस्त्रीला दाखवायला सांगा.